झापाआडची भिंत

कोल्हापूरच्या स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली, तेव्हा खिडकीजवळच्या सगळ्या जागा रुमालांनी भरल्या होत्या. माणसं अजून खाली चहा पीत होती. एका सीटवर तर नुसती काकडी ठेवलेली होती. मी काकडीचा मान राखला आणि मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसले. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणारीला घाट उतरेपर्यंत बोलणी खावी लागतात.

मी हौसेने फिरणारी बाई नाही. जयसिंगपूरला माझी मसाल्याची गिरणी आहे आणि मे महिना म्हणजे मिरचीचा हंगाम. तो सोडून निघायचं कारण आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरची जागा. बागेसाठी सोडलेली, बाग कधी न झालेली. आता तिथे दुकानगाळे काढायचं घाटतंय. महिला मंडळाच्या बैठकीत एकीने मोबाइलवर रत्नागिरीकडच्या मेहरून नावाच्या बाईंचं काम दाखवलं. त्या भिंतीवर फाटकी जाळी, फुटकी कौलं, शिंपले असलं काहीबाही लावून मोठाली चित्रं करतात आणि गावाच्या अडचणीच्या प्रश्नाला तोंड फोडतात. आपणही त्यांना बोलावू या, असं सगळ्यांना वाटलं. मी विचारलं, "चित्र काढल्याने गाळे थांबतात का?" मग मीच जाऊन बघून यावं असं ठरलं. शंका काढणारीलाच कामाला लावायची आमच्या मंडळाची जुनी रीत आहे.

आंबा घाटात गाडीला गार वारा लागला आणि साखरप्याच्या खाली उतरताच तो संपला. पुढे अंगाला चिकटणारी हवा सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्याची लाल जमीन, मधूनच काजूची बाग, त्यापुढे पुन्हा उघडा सडा (वरचं सपाट कातळाचं पठार). पालीला गाडी थांबली. स्टँडवर एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उभी होती.

"गोड आहेत का?"

"खाऊन बगा. आंबट लागलं तर दुसरं खा."

दुसरंही आंबट निघालं. तरी द्रोण घेतला. इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाकडून घ्यायला मला हरकत वाटत नाही.

रत्नागिरीच्या स्टँडवर मेहरूनबाई मला न्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, ओढणी कमरेला बांधलेली. पायाशी चुन्याचं पोतं आणि सुंभाची (काथ्याच्या दोरीची) दोन वेटोळी. हाताची नखं चुन्याने खाल्लेली होती. ते बघून मला जरा विश्वास वाटला. मिरची दळून माझीही नखं तशीच झाली आहेत.

"तुमची गिरणी आहे ना?" त्यांनी पहिलंच विचारलं. "मिरचीचा रंग भिंतीवर टिकतो का हो?"

"उन्हात आठ दिवस. मग विटतो."

"मग नको," त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला पोतं उचलायला लावलं.

रस्ता समुद्राच्या कडेने होता. आरे-वारेच्या चढावर रिक्षावाल्याने वेग कमी केला. खाली दोन किनारे, मध्ये डोंगराचं नाक, सुरूची बनं आणि दोन्हीकडे पांढरी रेघ ओढत येणारं पाणी.

"फोटो काडायचा काय? सगळी हितंच थांबतात."

"येताना बघू," मी म्हटलं. सुंदर होतं, पण पोटात कावळे ओरडत होते.

रिक्षात मेहरूनबाईंनी भिंतीची हकीकत सांगितली. त्यांचे वडील कुवेतला बोटीवर होते. ही मुलगी मुंबईला चित्रकला शिकली, तिथल्या प्रदर्शनांत तिची चित्रं लागली, विकलीही गेली. आईचे गुडघे गेले म्हणून गावी परत आली. गाव खाडीच्या तोंडाशी. एका बाजूला मोहल्ला, दुसऱ्या बाजूला खारवीवाडा (मासेमारी करणाऱ्यांची वस्ती). दोन्हींच्या मधलं पटांगण बायकांचं मासळी वाळवायचं ठिकाण. गेल्या दोन-तीन वर्षांत पर्यटक वाढले, गाड्या वाढल्या. त्या पटांगणावर फरशी बसवून गाड्यांचा तळ करायचा ठराव पंचायतीने आणला होता. ग्रामसभा दुसऱ्याच दिवशी होती. ठराव झाला तर दोन्ही वस्त्यांतल्या बायकांना मासळी वाळवायला दुसरी सपाट जागा नव्हती, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांचं घर त्या सुक्या मासळीवरच चालतं.

"नोंदीत ती जागा मोकळी आहे," मेहरूनबाई म्हणाल्या. "मोकळी म्हणजे कोणाची नाही. आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की आपली जागा कुठून कुठपर्यंत. ते मी भिंतीवर मांडलं. पटांगणाच्या कडेला बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. मालक मुंबईत, त्याने होय म्हटलं. त्याच्या लांब भिंतीवर अख्खं पटांगण, जसंच्या तसं. जिची जागा, तिच्याच घरातल्या वस्तूंनी भरलेली. कोणी नवऱ्याचं जुनं जाळं दिलं, कोणी कौलं, कोणी बांगड्यांचे तुकडे."

"पहिल्या झटक्यात जमलं?"

त्या हसल्या. "पहिल्यांदा मी शहाणपणा केला. खरे सुके बांगडे वार्निश लावून भिंतीवर चिकटवले. खालची ओळ मांजरांनी खाल्ली, वरची कावळ्यांनी."

"वार्निशसकट?"

"वार्निशसकट. मांजरं अजून ठणठणीत आहेत. तिथे वाळवण घालणारी सुलभाकाकी म्हणाली, बाय, तू आधी राखण करायला शीक. मग काठी घेऊन त्यांच्यात राखणीला बसले. तिथे बसल्यावर कळलं कोण कुठे बसतं ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "भिंत माझी नाही. त्यांची आहे. मी फक्त चिकटवायचं काम केलं."

उद्याची सभा त्यांनी हट्टाने पटांगणावरच ठरवून घेतली होती. भिंत समोर असेल, सरपंचांना काही सांगायची गरजच पडणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. रिक्षा उतारावरून खाली आली, वळली, आणि मेहरूनबाईंनी रिक्षावाल्याच्या खांद्यावरून पुढे वाकून बघितलं.

समोर पटांगण होतं. पलीकडे कारखाना होता. भिंत मात्र दिसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाप (माडाच्या झावळ्या विणून केलेले तट्टे) बांधून टाकले होते. इकडे पावसाआधी घराच्या वाऱ्याकडच्या भिंतींना झाप बांधतात, झड आत येऊन भिंत भिजू नये म्हणून. वाटेत एक-दोन घरांना बांधलेले मी पाहिलेही होते. इथे बंद कारखान्याला घरासारखं गुंडाळून ठेवलं होतं.

मेहरूनबाई रिक्षातून उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी भाडं दिलं, पोतं उतरवून घेतलं आणि माझी पिशवी बाजूच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"पिशवी उचला," मागून आवाज आला. "ती ताराआजीची जागा."

मी खाली बघितलं. सारवलेली जमीन, एका कडेला अर्धवट मातीत गेलेली कालवांच्या शिंपल्यांची ओळ. बाकी काही नाही. पिशवी पलीकडे ठेवली.

"ती माजी," तोच आवाज म्हणाला. "पण ऱ्हाऊ दे. तुमी पाव्हण्या."

ही सुलभाकाकी. साठीच्या पुढची, काळीसावळी, काष्टा घातलेली, हातात कोयती. ती मेहरूनबाईंकडे वळली.

"आलीस काय गो? बग, सगळा झाकून टाकला."

"काकी, उद्या सभा आहे."

"म्हाईत हाय की."

"मग लोकांना दिसायला नको का भिंत? पाच महिने मी कशासाठी काम केलं?"

"दुपारी ढग भरून आलेला. तू बाजारात गेलीस. आम्ही घरांचे झाप बांधित होतो, म्हटला हिला कोण बांधील? चुना भिजला तर राह्यला काय?" तिने कोयतीचं टोक आभाळाकडे केलं. आभाळ आता स्वच्छ होतं. तिने कोयती खाली घेतली. "आता नाय दिसत. तवा होता."

"उद्या सकाळी सोडू या. सभा झाली की पुन्हा बांधू."

"बांदलेला झाप कोण सोडतो गो? पाऊस तोंडावर आलाय."

तेवढ्यात पटांगणाच्या मध्यावर दोघींची जुंपली. एकीची सुकट दुसरीच्या हद्दीत वीतभर गेली होती. एक मोहल्ल्यातली, एक खारवीवाड्यातली. दोघी एकमेकींच्या सासूपर्यंत पोचल्या होत्या.

"रोजच असतं," मेहरूनबाई कंटाळून म्हणाल्या. "त्या दोघींची हद्द भिंतीवरही ठरली नाही. शेवटी मी दोन रेघा काढल्या. एक हिची, एक तिची."

रात्रीचा मुक्काम मेहरूनबाईंच्या घरी होता. त्यांच्या अम्मींनी तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं (कमी रसाचं तिखट कालवण) आणि फणसाच्या रसाची वाफवलेली सांदणं वाढली. माझा काटे काढायचा वेग बघून अम्मींना दया आली असावी. त्यांनी माझ्या ताटातला बांगडा उचलला, दोन बोटांनी मधला काटा ओढून काढला आणि परत ठेवला.

"देशावरच्या ना तुम्ही? तिकडे मासळीला हाडंच नसतात काय?"

"तिकडे मासळीच नसते."

"अल्ला," त्या मनापासून हळहळल्या.

मेहरूनबाई जेवल्या नाहीत म्हणण्याइतपतच जेवल्या. अम्मींनी एकदाच विचारलं, "त्यांनी बांधलं, त्यात वाईट काय केलं?" मेहरूनबाई ताट घेऊन उठल्या. मी मध्ये पडले नाही. पाहुणीने दुसऱ्याच्या घरात एकाच वेळी काटा आणि भांडण दोन्ही सोडवू नये.

सकाळी ऊन कडकडीत होतं. ढगाचा ठिपका नाही. मी चहाचा पेला घेऊन बाहेर आले तर मेहरूनबाई पटांगणाकडे चाललेल्या, हातात कोयती. मी मागोमाग गेले. पटांगणावर अजून कोणी नव्हतं. त्या भिंतीच्या एका टोकाला गेल्या आणि पहिल्या झापाच्या दोरीला हात घातला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक दोरीची गाठ वेगळी होती. कुठे जाळ्याची आखूड घट्ट गाठ, कुठे गुरं बांधतात तशी, कुठे नायलॉनच्या ओढणीचा तुकडाच गुंडाळलेला. भिंतीत खिळा मारायला नको म्हणून वरच्या पत्र्याच्या कडेतून दोऱ्या घेतलेल्या होत्या. खाली झाप चित्राला घासू नयेत म्हणून वीतभर अंतरावर बांबू उभे केले होते. हे एका दुपारी दोन-चार बायकांनी केलेलं काम नव्हतं. पाचपन्नास हात लागले असतील.

"तीन दिवस विणत असतील," मेहरूनबाई म्हणाल्या. "झावळ्या भिजत टाकायच्या, मग विणायच्या. मला पत्ता नाही. मी चुन्यासाठी दोनदा रत्नागिरीला गेले, तेव्हा करून ठेवले वाटतं." कोयती तशीच हातात. "सोडले तर सभेपर्यंत अर्धी भिंत तरी उघडी होईल."

मला आडवळणाने बोलता येत नाही. मी म्हटलं, "काल रिक्षात तुम्ही म्हणालात, भिंत त्यांची आहे."

"म्हणाले."

"मग?"

त्यांनी दोरीवरचा हात काढला. मग कोयती माझ्या हातात दिली, माझ्या हातातला चहा घेतला आणि पिऊन टाकला.

"तुमच्या गिरणीत माणसं टिकतात का हो?" त्यांनी विचारलं.

"दोन टिकलीत."

सभेसाठी शाळेतून टेबल-खुर्च्या आल्या. शिपायाने टेबल पटांगणाच्या तोंडाशीच मांडलं, त्यावर लाल कापड घातलं. सरपंच पन्नाशीचे, मुंबईत गिरणगावात वाढलेले आणि आता गावी स्थायिक झालेले गृहस्थ. ते बसतात न बसतात तोच ताराआजी काठी टेकत आली. मागून सून तिचं स्टूल घेऊन.

"टेबल माज्या जागेवर हाय."

"आजी, वाईच वेळ. सभा झाली की उचलतो."

"मी बसू खय? माजी जागा ही."

टेबल उचलून पलीकडे नेलं. तिथली बाई आधीच येऊन उभी होती. तिसऱ्या ठिकाणी तर दोघींनी एकदम हरकत घेतली. ती कालच्या भांडणाची वीतभर जागा होती. बायका येत गेल्या आणि आपापल्या जागी फतकल मारून बसत गेल्या. खारवीवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या, सरमिसळ, पण एकही दुसरीच्या जागी नाही. पुरुषांना उभं राहायला कडेची पायवाट उरली. अखेर टेबलही पायवाटेवर गेलं.

"अवो, मग सभा घ्यायची कुठं आम्ही?" सरपंच वैतागून म्हणाले. पुरुषांत कोणीतरी फिस्सकन हसलं.

सरपंचांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, हेही लिहिते. गेल्या दिवाळीत रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आणि एका आजाऱ्याला नेणारी गाडी अडकली. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. "नोंदीत ही जागा मोकळी हाय," ते म्हणाले. "फरशी बसवू. कडेला स्टॉल काढू, ते बायकांनाच देऊ. आपली पोरं मुंबईत दहा बाय दहात राहतात. हितं धंदा झाला तर परत येतील. आणि खरं सांगायचं तर पाव्हण्यांची वासाची तक्रार येते."

"आमची पण येते," सुलभाकाकी बसल्या जागेवरून म्हणाली. "ते सेंट फवारून येतात त्याची."

मग मेहरूनबाई उठल्या. काय बोलायचं ते त्यांनी मनाशी जुळवून आणलं असणार. "नोंदीत नाही, पण भिंतीवर सगळ्यांच्या जागा…" म्हणत त्या वळल्या, आणि हात झापांकडे गेला. त्या मध्येच थांबल्या. दाखवायला काही नव्हतं. त्या खाली बसल्या.

सरपंच समजुतीने म्हणाले, "बाय, आम्ही बगितलंय ते चित्र. चांगलं काढलंस. पण चित्र म्हणजे चित्र. त्यावर ठराव कसा व्हायचा?"

मला वाटलं, संपलं. आमच्या मंडळाला काय सांगायचं तेही मनात तयार झालं.

पायवाटेवर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. वरच्या आळीला त्यांच्या आंब्याच्या बागा. तोवर ते ठरावाच्या बाजूने मान हलवत होते. त्यांनी काठीने भिंतीकडे दाखवलं.

"हे झाप कोणी बांधले?"

बायकांनी सुलभाकाकीकडे बघितलं.

"आम्ही," सुलभाकाकी म्हणाली.

"पंचायतीनं सांगितलान?"

"नाय."

"या मेहरूननं सांगितलान?"

"ती बाजारात होती. ती चिडलेय आमच्यावर. काल धरनं बोलत नाय."

आता बायकाही हसल्या. मेहरूनबाईंनी ओढणी तोंडावर धरली.

"कारखान्याच्या मालकानं काय दिलान?"

"तो कशाला देतोय?"

"मग परक्या भिंतीला झाप कशाला बांधलात?"

"परकी कशी?" सुलभाकाकीला प्रश्नच कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "आमच्या सगळ्यांच्या जागा हायत तिच्यावर. त्या भिजतील नाय?"

तात्या सरपंचांकडे वळले. "माझ्या घराला औंदा मी निळी ताडपत्री मारली. झाप विणायला माणूस मिळत नाय म्हणून. हितं अख्ख्या कारखान्याला मिळाली."

"तात्या, मुद्द्यावर या."

"मुद्दा हाच. मोकळ्या जागेला कोणी झाप बांधलेला मी अजून बगितला नाय. तू बगितलास काय?"

सरपंचांनी भिंतीकडे बघितलं. मीही. त्या क्षणी मला कोल्हापूरच्या गाडीतली काकडी आठवली. सीटवर माणूस नव्हता, आणि तरीही ती सीट रिकामी आहे असं म्हणायची माझी छाती झाली नव्हती. ठरावाच्या कागदावरचा 'मोकळी' हा शब्द सरपंचांना आता मोठ्याने वाचता येईना. त्यांनी तो वाचायचा प्रयत्नही केला नाही. "मग गाड्या लावायच्या कुठं, ते सांगा," एवढंच म्हणाले.

"वर सड्यावर माजा कातळ पडलाय," तात्या म्हणाले. "पीक येत नाय, गवत येत नाय. लावा तिथं. माझी सून आंबे विकायला बसेल."

"आता आला मुद्दा," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. तात्यांनी अजिबात मनावर घेतलं नाही.

"पाव्हणे उतार चालत येत नाहीत, तात्या."

"आम्ही कशाला हाव मग?" काल मला आणणारा रिक्षावाला गर्दीतून म्हणाला. "सड्यावरनं खाली, खालनं वर."

वादावादी बराच वेळ चालली, पण तिचा सूर बदलला होता. शेवटी हात वर झाले. गाड्या सड्यावर, पटांगण मासळी वाळवायला, असं ठरलं. सरपंचांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही: आजाऱ्याची गाडी जाईल एवढी वाट कडेने मोकळी ठेवायची, त्यासाठी कडेच्या बायकांनी हातभर आत सरकायचं. कडेची पहिली जागा सुलभाकाकीची. ती उठली, आपल्या शिंपल्यांची ओळ पायाने चाचपली आणि म्हणाली, "सरकते. पण मग हिनं सरकायचा, आणि तिच्या पुढचीनं." तिथून जे सुरू झालं ते मी निघेपर्यंत मिटलेलं नव्हतं.

निघायच्या आधी मेहरूनबाई सुलभाकाकीला म्हणाल्या, "आता तरी एक झाप सोड. या बाई जयसिंगपूरहून भिंत बघायला आल्यात."

"दसऱ्याला येऊ दे त्यांना. तवा सोडू."

"काकी."

सुलभाकाकीने तोंड वाकडं केलं, पण एका झापाचा खालचा कोपरा उचलून धरला. मी वाकून आत डोकावले. अंधारात हातभर भिंत दिसली. निळ्या जाळ्याचा तुकडा चुन्यात बसवलेला, त्याच्या कडेला कौलाच्या लाल कपच्या, एक हिरवी बांगडी. आणि मध्ये अगदी जवळजवळ ओढलेल्या शिंपल्यांच्या दोन रेघा, हिची एक आणि तिची एक. मग हात दुखला म्हणून काकीने कोपरा सोडला.

परतताना आरे-वारेच्या चढावर रिक्षावाल्याने पुन्हा विचारलं आणि या वेळी मी थांबवली. फोटो काढला नाही. वारा खाल्ला. मेहरूनबाईंनी मला स्टँडवर सोडलं तेव्हा मी त्यांना आमच्या जागेबद्दल विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तिथे रोज कोण बसतं?"

मी विचार केला. "कोणीच नाही."

"मग मी भिंतीवर काय चिकटवू?" त्या म्हणाल्या, आणि चुन्याचा भाव विचारायला बाजारात निघून गेल्या.

घरी पोचले तशी मंडळाची बैठक बसली. पहिला प्रश्न: "चित्र कसं होतं?"

"बघितलं नाही."

सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी घडलं ते सांगितलं. मग हेही सांगितलं की पूर्वी आमच्या त्या कोपऱ्यावर कुरडया-पापडांची वाळवणं पडायची. गच्च्या झाल्या, आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो, आणि तेव्हापासून ती जागा मोकळी झाली. ती आम्हीच केली. बागेची नोंद कागदावर आहे, पण गाळे काढणाऱ्याला तिथे कोणाचा रुमालसुद्धा दिसत नाही.

चर्चा पुढच्या बैठकीवर गेली. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मिरची दमट होत चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही माणसांना घेऊन कोपऱ्यावर गेले, जागा झाडून घेतली आणि संकेश्वरी मिरचीची चार पोती तिथे पसरली. काठी घेऊन राखणीला बसले. लोक येता-जाता बघत होते. ऊन वर आलं तशी समोरच्या बंगल्यातल्या वहिनी गव्हाच्या कुरडयांचं ताट घेऊन आल्या. त्यांनी माझ्या मिरच्यांकडे पाहिलं.

"जरा तिकडे सरका हो. आमच्या फाटकासमोरची बाजू आमची. आमच्या सासूबाई इथेच घालायच्या वाळवण."

"तुमच्या सासूबाई लिंबाच्या पलीकडे घालायच्या. मी पाहिलंय."

"अजिबात नाही. आईंनाच बोलावते."

सासूबाई आल्या, शेजारच्याही आल्या, आणि दुपारपर्यंत तिथे चांगलंच वाजलं. कोणीच मागे हटेना. शेवटी मी एक खडू मागवला आणि जमिनीवर जवळजवळ दोन रेघा ओढल्या, एक त्यांची आणि एक माझी.

संध्याकाळी मेहरूनबाईंना फोन लावला आणि म्हटलं, दसऱ्यानंतर सवड असेल तर या.